तांबडी पेशी वाकते कशी आणि सिकलसेलमध्ये अडकते कुठे

पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड प्लीहा असते. बोलीत तिला पाणथरी म्हणतात. तिच्यात रक्ताला काही ठिकाणी अशा फटींतून जावं लागतं, ज्यांची रुंदी जेमतेम एक मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी असते. तांबडी पेशी मात्र सुमारे 8 मायक्रोमीटर रुंद आणि कडेला दोन-अडीच मायक्रोमीटर जाड असते. तरी निरोगी पेशी त्या फटीतून लांबट होऊन निघते आणि पलीकडे गेली की लगेच पूर्वीच्या आकारात येते. शरीराची एक फेरी पुरी करायला तिला साधारण एक मिनिट लागतं. म्हणजे 120 दिवसांच्या आयुष्यात पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्लीहा लागत नाही, पण केशवाहिन्या लागतातच, आणि त्यांतल्या अनेक पेशीपेक्षा अरुंद असतात.

या पेशीत केंद्रक नाही, पुढे सरकायला स्वतःची काही यंत्रणा नाही. ती निघते ती केवळ रक्ताच्या दाबावर आणि स्वतःच्या वाकण्याच्या क्षमतेवर. म्हणून रेणूपासून ऊतीपर्यंत यंत्रशास्त्र कसं चालतं हे समजून घ्यायला तांबड्या पेशीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. आणि ही क्षमता गेली की काय होतं, हे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट इथल्या हजारो कुटुंबांना पाठ आहे. तिथे सिकलसेल घराघरांत आहे. या आजारात जनुकातला बदल एकच आणि तोही सर्वांत सारखाच. पण एक रुग्ण वर्षातून एकदा दवाखान्यात येतो, दुसरा दर महिन्याला भरती होतो. हा फरक समजायचा तर बल आणि वेळ यांचा हिशोब मांडावा लागतो.

वाकण्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी

आधी बलाचं माप. पेशीच्या पातळीवर बल पिकोन्यूटनमध्ये मोजतात, म्हणजे एका न्यूटनच्या एक लाख कोटीव्या भागात. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर एका तांबड्या पेशीचं वस्तुमान सुमारे 100 पिकोग्रॅम आणि तिचं वजन जवळपास बरोब्बर एक पिकोन्यूटन भरतं.

पेशी वाकते याचं पहिलं कारण शुद्ध भूमितीचं आहे. तिचं आकारमान सुमारे 90 फेम्टोलिटर आणि पृष्ठभाग सुमारे 135 चौरस मायक्रोमीटर. तेवढंच आकारमान गोळ्यात भरायचं तर 97 चौरस मायक्रोमीटर पृष्ठभाग पुरला असता. म्हणजे पेशीकडे जवळजवळ 40 टक्के पृष्ठभाग जास्तीचा आहे. पाण्याने अर्धवट भरलेली प्लास्टिकची पिशवी हवी तशी दाबता येते, तोंडापर्यंत भरून गाठ मारली की दाबता येत नाही. इथेही तोच प्रकार. पेशीचं बाहेरचं मेदाचं पटल ताणायला फार कठीण असतं. त्याचं क्षेत्रफळ दोन ते चार टक्क्यांनी वाढलं तरी ते फाटतं. त्यामुळे पेशी ताणून मोठी होत नाही, असलेला पृष्ठभाग नव्याने मांडते. हा जास्तीचा पृष्ठभाग गमावला की खेळ संपतो. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात पटल आणि आतली जाळी यांना जोडणारी प्रथिनं सदोष असतात, पटलाचे बारीक तुकडे सुटून जातात, पेशी गोल होते आणि प्लीहेच्या फटीपाशी थांबते. त्या आजारात प्लीहा काढली की रक्तक्षय बराच सुधारतो. पेशी दुरुस्त झालेली नसते, फक्त वाटेतली फट नाहीशी झालेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पटलाच्या आतून लागून असलेली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी. स्पेक्ट्रिनचा एक धागा पूर्ण सरळ केला तर सुमारे 200 नॅनोमीटर भरतो, पण पेशीत तो दुमडून 70-80 नॅनोमीटर अंतरातच बसलेला असतो. हे धागे अ‍ॅक्टिनच्या छोट्या तुकड्यांना जोडलेले असतात आणि षट्कोनी जाळं तयार होतं. पेशी लांबली की धागे उलगडतात, सोडली की उष्णतेच्या हालचालीनेच पुन्हा आखडतात. पेशी मूळ आकारात परत येते ती यामुळे. धाग्यातली प्रथिनाची एकेक घडीच उलगडायची तर 25 ते 35 पिकोन्यूटन लागतात. नेहमीच्या प्रवासात धागे आखडण्या-पसरण्यावरच काम भागतं.

तिसरी गोष्ट आतला द्रव, आणि सिकलसेलचं सगळं नाट्य इथे घडतं. पेशीत हिमोग्लोबिनचं प्रमाण दर 100 मिलिलिटरमागे सुमारे 33 ग्रॅम असतं. (रक्ताच्या तपासणीच्या कागदावर एमसीएचसी म्हणून जो आकडा छापतात तो हाच. नेहमीचं हिमोग्लोबिन 12 किंवा 13 लिहिलेलं असतं ते संपूर्ण रक्तातलं.) हे प्रमाण 27 वरून 37 वर गेलं तर द्रवाचा दाटपणा पाण्याच्या 5 पटींवरून 15 पटींवर जातो. पेशीला ते झेपतं. पण 40 ला तो 45 पट होतो आणि 45 ला 170 पट. म्हणजे पेशीतून थोडं पाणी गेलं तरी ती आतून घट्ट होते, मग हिमोग्लोबिन अगदी निर्दोष का असेना.

एक अमिनो आम्ल, चौदा पदर

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, पाण्यात राहायला त्याची हरकत नसते. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळणारं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक तेलकट खाच उघडी पडते. व्हॅलिन त्या खाचेत बसतं. रेणूला रेणू लागत जातो आणि 14 पदरांचा, सुमारे 21 नॅनोमीटर जाडीचा पिळदार तंतू तयार होतो. स्पेक्ट्रिनचा धागा लवचीक, तर हा तंतू ताठ. पेशीच्या लांबीत तो वाकायला मागत नाही. असे अनेक तंतू एकत्र वाढले की पेशी त्यांच्या दिशेने ओढली जाते आणि विळ्याचा आकार घेते.

पण आकारापेक्षा ताठरपणा महत्त्वाचा. सूक्ष्मदर्शकाखाली विळे दिसतात म्हणून आपलं सगळं लक्ष विळ्याकडे जातं. प्रत्यक्षात तंतू झटकन बनले तर पेशी फारशी विळ्यासारखी दिसतही नाही, नुसती खडबडीत दिसते, आणि तरीही ती वाहिनीत तितकीच अडते.

ऑक्सिजन सोडलेलं सिकल हिमोग्लोबिन शरीराच्या तापमानाला 100 मिलिलिटरमध्ये 16-17 ग्रॅमच विरघळून राहू शकतं. पेशीत असतं ते याच्या दुप्पट. नुसता हा हिशोब केला तर रुग्णाच्या बहुतेक पेशी शिरांमध्ये ताठ झालेल्या असायला हव्यात. तसं होत नाही. का होत नाही, हा या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

शर्यत सेकंदांची

तंतू लगेच बनत नाही. आधी काही रेणूंचा एक छोटा गट योगायोगाने जमावा लागतो. असे गट जमतात आणि मोडतात. एखादा पुरेसा मोठा झाला की मग वाढ सुरू होते, आणि एकदा तंतू झाला की त्याच्या अंगावरून नवे तंतू फुटतात, त्यामुळे पुढचं सगळं भराभर होतं. ऑक्सिजन गेल्यापासून तंतू दिसू लागेपर्यंतच्या शांत काळाला विलंबकाळ म्हणतात. तो काही मिलिसेकंदांपासून मिनिटांपर्यंत असू शकतो.

दुसऱ्या बाजूला पेशीचा प्रवास. केशवाहिनीतून जायला तिला साधारण एक सेकंद लागतो आणि तिथून फुप्फुसापर्यंत पोचायला दहा-पंधरा सेकंद. फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात, नवे बनत नाहीत. म्हणजे पेशी अरुंद जागेतून बाहेर पडेपर्यंत विलंबकाळ टिकला तर काहीच बिघडत नाही. मोझ्झारेली, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी 1987 साली दाखवलं की बहुतेक पेशी याच कारणाने शरीरात वाचतात.

आता खरी मेख. विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या प्रमाणावर साध्या पटीत अवलंबून नसतो, त्या प्रमाणाच्या 15 ते 30 व्या घातावर असतो. रसायनशास्त्रात इतकं तीव्र अवलंबन क्वचित दिसतं. हिशोब करून पाहा. पेशीत थोडं पाणी शिरून प्रमाण 33 वरून 30 वर आलं तर विलंबकाळ 4 ते 17 पट वाढतो. उलट पाणी कमी होऊन 36 झालं तर तो चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही बराच खाली येतो. डॉक्टर आणि आशाताई पाणी भरपूर प्या म्हणून मागे लागतात ते उगीच नाही.

सिकलसेलबद्दलच्या पुष्कळ कोड्यांची उत्तरं याच शर्यतीत सापडतात. बाळाला पहिले काही महिने त्रास नसतो, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, भरपूर असतं. हा रेणू तंतूत बसत नाही, सिकल साखळीशी जोडी जमली तरी ती जोडीही बसत नाही. तो ओसरला की साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांची सूज दिसू लागते. वाहक, म्हणजे एक जनुक निरोगी आणि एक सिकल (एएस) असलेल्या व्यक्तीच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन 35-40 टक्केच असतं. विलंबकाळ इतका लांबतो की एरवी काही जाणवत नाही. फक्त मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, जिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षार पेशीतलं पाणी ओढून घेतात, तिथे वाहकाच्याही पेशी कधीकधी ताठ होतात. म्हणून काही वाहकांना लघवी दाट करता येत नाही, क्वचित लघवीतून रक्त जातं.

तापात त्रास वाढतो, कारण उष्णतेने तंतू लवकर बनतात आणि घामाने पाणीही जातं. मग थंडीत का वाढतो? थंडीने खरं तर तंतू कमी बनायला हवेत. पण शरीराच्या आतलं रक्त 37 अंशांवरच राहतं, आकसतात त्या वाहिन्या. प्रवास मंदावतो आणि पेशी शर्यत हरते.

इथे एक सावधगिरी. भारतात आढळणाऱ्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये (सिकल जनुकासोबत एकत्रच वारशाने येणाऱ्या आसपासच्या जनुकीय बदलांच्या संचात) हिमोग्लोबिन एफ बऱ्याचदा जास्त असतं, त्यामुळे आपल्याकडचा आजार सौम्यच असतो असा समज पसरला. विदर्भातल्या रुग्णांचा अनुभव तसा नाही, तिथे तीव्र आजाराची मुलं भरपूर आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी, 20 टक्के एफ ही सरासरी असते. काही पेशींत ते भरपूर आणि काहींत जवळजवळ शून्य असू शकतं, आणि वाहिनी अडवायला त्या शून्यवाल्या पेशी पुरतात.

पेशीकडून वाहिनीकडे

निरोगी पेशी मऊ असल्यामुळे वाहत्या रक्तात वाहिनीच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत प्लाझ्माचा पातळ थर राहतो. बारीक वाहिन्यांत रक्त त्यामुळेच अपेक्षेपेक्षा पातळ वागतं. हे फॅरेयस आणि लिंडक्विस्ट यांनी 1931 मध्ये दाखवलं होतं. ताठ पेशी मात्र भिंतीकडे ढकलल्या जातात. सिकलसेलमध्ये भिंतीवरच्या पेशी आधीच सुजलेल्या, चिकट झालेल्या असतात, आणि अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर चिकटणारी प्रथिनं जास्त असतात. कोवळ्या पेशी केशवाहिनीच्या पुढच्या बारीक शिरेत आधी चिकटतात, वाट अरुंद होते, आणि मागून येणाऱ्या पाणी गमावलेल्या घट्ट पेशी तिथे साचतात. साचल्या की थांबतात, थांबल्या की उरलासुरला ऑक्सिजन सोडतात, आणि विलंबकाळ कितीही असला तरी आता तो पुरत नाही. जिथे हे हाडात घडतं तिथे रुग्ण असह्य कळांनी तळमळतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा बारीक वाहिन्यांवर असल्याने ते मरून खचण्याचं प्रमाण या रुग्णांत मोठं आहे.

प्लीहेत दोन तऱ्हा होतात. कधी लहान मुलाचं पुष्कळसं रक्त काही तासांत प्लीहेत कोंडतं, पोट फुगतं, मूल पांढरंफटक पडतं. ही जीवघेणी स्थिती आहे, आणि आईवडिलांना डाव्या बरगडीखाली पाणथरी चाचपायला शिकवणं हा तिच्यावरचा अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. रोजच्यापेक्षा ती मोठी लागली आणि मूल मलूल असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे वारंवार अडून अडून प्लीहा निकामी होणं. मग न्यूमोकोकससारख्या जंतूंशी लढणारा गाळणीचा भागच राहत नाही, म्हणून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि त्या जंतूची लस देतात.

मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांतही यंत्रशास्त्राचा उपयोग थेट होतो. धमनी आतून अरुंद झाली की तेवढंच रक्त न्यायला वेग वाढवावा लागतो. कवटीवरून डॉप्लर लावून हा वेग मोजतात. सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर त्या मुलाला पक्षाघाताचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त देऊन सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांखाली ठेवलं तर धोका सुमारे 90 टक्क्यांनी घटतो, हे 1998 च्या चाचणीत दिसलं. दुखत नाही, सुई टोचत नाही, तरी ही तपासणी आपल्याकडे फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते, याचं वाईट वाटतं.

तपासणीत काय चुकतं

प्रयोगशाळेत पेशीचा ताठरपणा मोजायला एक-दोन मायक्रोमीटर तोंडाच्या काचेच्या नळीने पेशी ओढून घेतात आणि किती दाबाला किती आत आली ते पाहतात. एक्टासायटोमीटर नावाच्या यंत्रात रक्त एक स्थिर आणि एक फिरती अशा दोन भिंतींमध्ये घालतात, लेझरचा किरण सोडतात आणि पडद्यावरची आकृती गोल राहिली की लांबट झाली त्यावरून हजारो पेशींची लवचीकता एकदम कळते. ही यंत्रं संशोधनापुरती. गावातल्या शिबिरात जी होते ती विद्राव्यता चाचणी, आणि तिचं तत्त्वही वर सांगितलेलंच आहे.

दाट फॉस्फेटच्या द्रावणात सोडियम डायथायोनाइट आणि सॅपोनिन असतं. त्यातल्या सुमारे 2 मिलिलिटरमध्ये 20 मायक्रोलिटर रक्त टाकतात. सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि सिकल हिमोग्लोबिन न विरघळता गढूळपणा आणतं. पाचेक मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल नाही, दिसल्या नाहीत तर आहे. चुका ठरावीक असतात. डायथायोनाइट हवेने मरतं, म्हणून जुनं द्रावण खोटं ‘नाही’ सांगतं. रोज एक खात्रीचा सिकल नमुना आणि एक निरोगी नमुना सोबत लावल्याशिवाय निकालावर भरवसा ठेवू नये. हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा बाळ सहा महिन्यांखालचं असेल तरीही खोटं ‘नाही’ येतं. रक्तात चरबी किंवा प्रथिनं फार असतील तर खोटं ‘आहे’ येतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन त्यातही घोळ घालतं, म्हणून नमुना रक्त चढवण्याआधी घ्यावा.

उपचार म्हणजे वेळ मिळवणं

हायड्रॉक्सियुरिया हे मुख्य औषध. ते हिमोग्लोबिन एफ वाढवतं, पेशीचं आकारमान वाढवतं म्हणजे आतलं सिकल हिमोग्लोबिन विरळ होतं, आणि भिंतीला चिकटणाऱ्या पेशीही कमी करतं. तीन वाटांनी विलंबकाळ लांबतो आणि प्रवासकाळ घटतो. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट फार खाली जाऊ नयेत म्हणून रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. गुण यायला काही महिने लागतात. लोक महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणून गोळी सोडतात, तिथेच सगळं बिघडतं.

रक्त चढवतानाही यंत्रशास्त्र आड येतं. सिकल पेशी अजून शिल्लक असताना हिमोग्लोबिन 10 च्या वर नेलं तर रक्त जितकं दाट होतं, तितका ऑक्सिजनचा फायदा होत नाही. वाहिन्या उलट अडतात. रुग्णाच्या नातेवाइकांना वाटतं आणखी एक बाटली दिली असती तर बरं झालं असतं. बहुतेक वेळा ती न देणंच बरोबर असतं. रुग्णाचं रक्त काढून त्या जागी दात्याचं देण्याची पद्धत याच अडचणीवर आहे.

व्हॉक्सेलोटर या औषधाने हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावायचं, म्हणजे तंतूच बनणार नाहीत, अशी कल्पना होती. 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढलंही. पण वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण चिंताजनक दिसल्याने सप्टेंबर 2024 मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं.

2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्रावर आधारित जनुकीय उपचार रोगाचं मूळ अक्षर दुरुस्त करत नाही. सिकल साखळीचं जनुक तसंच राहतं. बदल होतो तो बीसीएल11ए या जनुकाच्या नियंत्रक भागात, ज्यामुळे जन्मानंतर बंद पडलेलं हिमोग्लोबिन एफ पुन्हा बनू लागतं. त्यासाठी रुग्णाच्या मूळपेशी काढून, बदलून, आधीची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करून त्या परत सोडाव्या लागतात. हे मोठ्या रुग्णालयाचं आणि प्रचंड खर्चाचं काम आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. त्यांतून जे रुग्ण सापडतील, त्यांच्यापर्यंत हायड्रॉक्सियुरियाची गोळी, तपासणीची पुढची तारीख आणि मेंदूच्या धमनीचं डॉप्लर पोचणं ही आजची गरज आहे.